डाव्या ओढीची काच

आपल्या मासिकातले हे सदर मी दर महिन्याला वाचते. पण खरे सांगायचे तर विश्वासाने नाही, संशयाने वाचते. कुणाला विहिरीपाशी पांढरे लुगडे दिसले, कुणाला वारलेल्या काकांनी हाक मारली... वाचताना माझ्या मनात येते ते एवढेच – हे असे घडले म्हणण्यात फायदा कुणाचा? दार कुणी उघडे ठेवले होते? किल्ली कुणाकडे होती? हा स्वभाव थोडा जन्माचा आणि बराचसा शिक्षणाचा. मला शिकवले गेले ते असे, की डोळ्यांना दिसेल तेवढेच लिहायचे, आणि दिसले तरी आधी दुसऱ्याला दाखवायचे आणि मग लिहायचे.

तेव्हा पुढचे वाचताना तुम्ही माझ्यावर संशय घेतलात तर मला राग येणार नाही. मी स्वतः तो अजून घेते.

मी भुसावळची. वडील रेल्वेत, त्यामुळे शाळा इंग्रजी, गोऱ्या सिस्टर लोकांची. घरात आमची लेवा बोली, शाळेत इंग्रजी, आणि पुस्तकातली मराठी मी नंतर हळूहळू शिकले. या तिन्हींच्या मध्ये कुठेतरी माझी बोलायची सवयच गेली. चारचौघांत मी गप्प असते. लोक त्याला गर्व म्हणतात. इंटर सायन्स झाले तेव्हा युद्ध चालू होते, प्रयोगशाळांतली शिकलेली माणसे फौजेच्या इस्पितळांत गेली होती, आणि म्हणून मुलींनाही शिकाऊ म्हणून घेऊ लागले होते. वडील मला चाळीसगावला गाडी बदलून धुळ्याला घेऊन गेले, ओळखीच्या एका कुटुंबात सोडले आणि म्हणाले, "डोकं खाली ठेवायचं, काम शिकायचं, सर्टिफिकेट घेऊन परत यायचं." एवढेच. इस्पितळाचे नाव मी लिहीत नाही.

आमची प्रयोगशाळा म्हणजे वॉर्डाच्या व्हरांड्याच्या टोकाला असलेली एक लांबट खोली. उत्तरेला मोठी खिडकी, कारण दुर्बिणीला (सूक्ष्मदर्शकाला आम्ही दुर्बीणच म्हणायचो) उजेड तिथूनच मिळायचा. खिडकीला गज आणि गजांवर माश्यांसाठी ठोकलेली बारीक जाळी. दार एक. त्या दाराला कुलूप एक आणि त्याची किल्लीही एकच – ती नानांच्या करगोट्याला.

नाना म्हणजे दामूनाना, प्रयोगशाळेचे जुने मदतनीस, धरणगावचे. प्लेगच्या दिवसांपासून इथे. ते आम्हाला शिकवायचे आणि शिकवताना टोचायचेही. मला ते "मिसबाई" म्हणत. माझ्याबरोबर आणखी एक शिकाऊ होता, शरीफ. जळगावचा, व्यापारी घरातला. त्याच्या मामांचे तिथे औषधांचे दुकान होते. तो दिवसभर बडबडायचा. मी खुर्चीवर बसताना डावा हात मांडीखाली घालून बसते. त्यावरून तो म्हणायचा, "चौधरीबाई, हात पळून जातो का तुमचा?" मी उत्तर द्यायची नाही.

ज्यांनी आमचे काम पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते, कारण पुढचे सगळे त्याच्यावरच आहे. हिवताप आहे की नाही हे पाहायचे तर बोटाला सुई टोचून रक्ताचा एक थेंब काचेच्या पट्टीवर घ्यायचा. दुसऱ्या पट्टीची कड त्या थेंबाला तिरकी टेकवायची आणि एका दमात सरळ ओढायची. थेंब पातळ पसरत जातो आणि शेवटी त्याचे शेपूट होते. ते वाळले की जाड भागावर, त्या सुकलेल्या रक्तातच, शिसपेन्सिलीने रोग्याचा नंबर लिहायचा. मग रंग, मग पाणी, मग दुर्बिणीखाली.

"दुसऱ्याच्या बोटाला हात लावायच्या आधी आपल्या बोटांची चाळण झाली पाहिजे," असे नानांचे म्हणणे. म्हणून सुरुवातीला आम्ही रोज आपापलेच रक्त काढायचो. उजव्या हातात सुई, डाव्या हाताची बोटे. संध्याकाळी जेवताना वरणाचा चटका त्या भोकांना लागायचा... नाही, वरण उजव्याच हाताने कालवायचे. चटका भांडी घासताना लागायचा. मी नीट लिहायला हवे.

काच ओढण्याची प्रत्येकाची पद्धत वेगळी असते, सहीसारखी. शरीफ मध्येच थांबायचा, म्हणून त्याच्या काचेवर शिडीसारखे पट्टे पडायचे. नानांची ओढ रुंद आणि सपाट. माझी अरुंद, मध्येच संपणारी. "ही काच लाजते," नाना ती उजेडाला धरून म्हणायचे. आम्ही तिघेही उजव्या हाताने ओढायचो. नंबर सुलटा धरला की तिघांचीही शेपटे डावीकडे जायची.

डॉक्टरसाहेबांचा नियम होता, की ज्याने काच ओढली त्यानेच रिपोर्टावर सही करायची. त्या दिवसांत त्या सहीला फार वजन होते. युद्धामुळे कोयनेल, म्हणजे हिवतापावरचे क्विनीन, मिळेनासे झाले होते. काचेत हिवताप दिसला असे प्रयोगशाळेने लिहून दिले तरच वॉर्डाला ते मिळे. शिवाय इस्पितळातले कोयनेल बाहेर विकले जाते अशी कुजबुज गावात होती. साहेबांनी आम्हाला स्पष्टच सांगितले होते, की खोटा रिपोर्ट देताना जो सापडेल त्याचे शिक्षण त्या दिवशी संपेल.

त्या भाद्रपदात लेकीकडे धुळ्याला आलेला धरणगावचा एक म्हातारा तापाने वॉर्डात आला. नानांच्या ओळखीचा. त्याचे रक्त मी काढले, काच ओढली, पाहिली. त्यात काही नव्हते. नानांनी पाहिले, त्यांनाही काही दिसले नाही. तसे लिहून दिले. दुपारी मी जेवून परत आले तर माझ्या ट्रेमध्ये एक काच जास्त होती. रंगवलेली, धुतलेली, अजून ओलसर. तिच्यावर त्याच म्हाताऱ्याचा नंबर होता.

मी तो नंबर सुलटा धरला. शेपूट उजवीकडे गेले.

मला वाटले शरीफने चेष्टा केली. मी काच दुर्बिणीखाली ठेवली, तेलाचा थेंब टाकला आणि खाली पाहिले, तर रक्तपेशींत जागोजाग बारीक अंगठ्या, प्रत्येकीला एका बाजूला लाल ठिपका. शिकाऊ मुलगीही चुकणार नाही इतका स्वच्छ हिवताप.

नानांनी काच उजेडाला धरली आणि बराच वेळ खाली ठेवली नाही. ओढ फार सुरेख होती. शेपटाकडे जाताना ती मलमलीसारखी विरळ होत गेली होती, कुठे थरथर नाही, कुठे थांबणे नाही.

"ही डावऱ्या माणसाची काच," नाना म्हणाले.

शरीफ म्हणाला, नंबर उलटा लिहिला असेल कुणी. नानांनी मान हलवली. ओढीचा कल खांद्यावरून येतो, तो उलटा करता येत नाही, असे त्यांचे म्हणणे. मग त्यांनी आम्हा दोघांकडे पाहिले. "आपल्यात डावरं कोण आहे?"

शरीफ नाही म्हणाला. मीही नाही म्हणाले.

नानांनी काच साहेबांना नेऊन दाखवली आणि साहेबांना जो संशय आला तोच आम्हा सगळ्यांना आला होता. हिवताप असलेल्या कुणाचे तरी रक्त आणून, त्यावर म्हाताऱ्याचा नंबर घालून, कोयनेल काढायचा हा डाव आहे. परत आल्यावर नानांनी ती काच आमच्यासमोर बादलीत आपटून फोडली. म्हाताऱ्याला तापाचे साधे मिक्श्चर चालू राहिले. काही दिवसांनी तो गेला. कशाने गेला ते कुणी पाहिले नाही. नाना त्या दिवशी कुणाला टोचून बोलले नाहीत, एवढे मला आठवते.

त्यानंतर त्या खोलीतली हवाच बदलली. मी शरीफवर नजर ठेवू लागले – मामांचे औषधांचे दुकान, दर आठवड्याला जळगावची फेरी, सगळे बसत होते. मग नानांवर ठेवू लागले, कारण किल्ली त्यांच्याकडे. शरीफ हळूच मला सांगायचा, की म्हातारा वाटतो तितका सरळ नाही. आणि नाना... नाना माझ्यावर नजर ठेवून आहेत हे मला मानेच्या मागे जाणवायचे. एकदा ते म्हणाले, "मिसबाई, हात दाखवा." मी दोन्ही तळवे पुढे केले. त्यांनी बोटे निरखली. सुईच्या खुणा सगळ्या डाव्या हातावर. म्हणजे टोचणारा हात उजवा. त्यांनी मान हलवली आणि निघून गेले.

वॉर्डातल्या आयाने तर गोष्टच रचली, की माझ्या आधी इथे जो शिकाऊ होता तो डावरा होता, तो वारला, आणि आता तो येऊन काम करतो. शरीफने पुढच्या फेरीत जळगावला त्याचा शोध लावला. एका कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या दवाखान्यात तो नोकरीला होता, चांगला जाडजूड झाला होता, आणि उजव्या हाताने त्याने शरीफला पेढे दिले. "सलाम सांगितलाय तुम्हाला," शरीफ म्हणाला. "म्हणाला, पोरांच्या गडबडीत मरायला सवड नाही, भूत कधी होऊ?"

मी हसले नाही. मी एक वेगळी गोष्ट केली. माझ्या वाट्याच्या कोऱ्या काचांच्या कोपऱ्यावर हिऱ्याच्या लेखणीने, सहज दिसणार नाही अशी एक तिरपी रेघ ओढली आणि ती पेटी माझ्या स्वतःच्या छोट्या कुलपात ठेवली. बाहेरून कुणी काच आणून ठेवली तर तिच्यावर ती रेघ नसणार. हे मी कुणाला सांगितले नाही.

आश्विन लागला तेव्हा सुभद्रा आली. नरडाण्याकडच्या एका खेड्यातली कपाशीवाल्यांची सून, पोटुशी, दिवस बरेच भरत आलेले. शुद्ध नव्हती. बरोबर सासू. तिने बैलगाडीत सुनेचे डोके सगळी वाट मांडीवर धरून ठेवले होते आणि तिला स्वतःला आता पाय सरळ करता येत नव्हते. मी रक्त काढायला गेले तेव्हा तिने माझा पदर धरला.

"मनी सून वाची जाई ना व बाई?"

रोग्याच्या माणसांना काही सांगायचे नाही असे आम्हाला शिकवले होते. मी मान खाली घालून सुई टोचली.

साहेबांपुढे पेच होता. मेंदूचा ताप असेल, गरोदरपणातले झटके असतील, किंवा डोक्यात चढलेला हिवताप असेल. हिवताप असेल तर कोयनेलची सुई ताबडतोब हवी. पण कोयनेलने गर्भ पडतो अशी सगळ्यांना धास्ती. हिवताप नसताना दिले आणि मूल गेले, तर ते हातांनी मारल्यासारखे. आणि असताना नाही दिले तर दोघेही जाणार. म्हणून सगळे काचेवर येऊन थांबले होते.

माझी सकाळची काच मी डोळ्यांत पाणी येईपर्यंत पाहिली. काही नाही. नानांनी पाहिली, काही नाही. मी तसा रिपोर्ट लिहून सही केली.

त्या दुपारी साहेबांचा वर्ग होता. शिकाऊंना ते आठवड्यातून एकदा आपल्या खोलीत बसवून दुर्बिणीपलीकडचे शिकवायचे – वॉर्डात कसे वागावे, रोग्याशी काय बोलावे, काय बोलू नये, शंका असेल तर रिपोर्टात ती कशी लिहावी. मागच्या प्रकारानंतर त्यांचा हुकूम होता, की वर्गाच्या वेळी नानांनीही येऊन बसायचे आणि किल्ली त्यांच्या टेबलावर ठेवायची. म्हणजे आम्ही तिघे तिथे, साहेब तिथे, आणि किल्ली शाईच्या दौतीशेजारी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. मी नेहमीसारखी डावा हात मांडीखाली घेऊन बसले होते. वर्ग लांबला. उठले तेव्हा तो हात इतका बधिर झाला होता, की तो कुणा दुसऱ्याचा असावा तसा मला उजव्या हाताने उचलून घ्यावा लागला. शरीफ हसला.

नानांनी कुलूप काढले. माझ्या ट्रेमध्ये ती काच होती.

ओली. नंबर सुभद्राचा. शेपूट उजवीकडे.

मी आधी कोपरा पाहिला. माझी तिरपी रेघ तिथे होती. मग मी माझ्या पेटीचे कुलूप पाहिले – लावलेले. किल्ली माझ्या गळ्यात. मग मी दुर्बिणीत पाहायला बसले. अंगठ्याच अंगठ्या. एकेका पेशीत दोन-दोन.

नानांनी पाहिले. शरीफने पाहिले. मग नानांनी काच उचलली, बादलीवर हात वर नेला... आणि तो हात तसाच राहिला. मला वाटते त्यांना तो म्हातारा आठवला असावा. त्यांनी काच खाली ठेवली, सुई घेतली आणि स्वतः वॉर्डात जाऊन सुभद्राचे रक्त घेऊन आले. त्यांची रुंद, सपाट ओढ. त्यात काही नव्हते.

दोन काचा 'नाही' म्हणत होत्या, आणि त्या 'नाही' कुणाच्या ते ठाऊक होते. एक काच 'हो' म्हणत होती आणि ती कुणाची ते कुणाला सांगता येत नव्हते. तिघे साहेबांसमोर उभे राहिलो. साहेबांनी सगळे ऐकून घेतले आणि इंग्रजीत एवढेच विचारले, की ही स्लाइड कुणाची? सही कोण करणार?

मी बोलले. माझा आवाज मला स्वतःला लांबून आल्यासारखा वाटला. "माझी आहे सर."

"शेपूट उजवीकडे आहे, मिस चौधरी."

"मी डावरी आहे."

ही गोष्ट मी तिथवर कुणाला सांगितली नव्हती, आणि तुम्हालाही आत्तापर्यंत सांगितली नाही. मी जन्माची डावरी. शाळेत पहिल्या वर्षी माझा डावा हात पाठीमागे रुमालाने बांधून ठेवत. पुढे रुमाल सुटला, पण सिस्टर म्हणायच्या, "सिट ऑन इट." त्यावर बसून राहा. घरीही आईला बरेच वाटले, पानावर डावा हात चालत नाही. लिहिणे, शिवणे, जेवणे, सगळे उजव्या हातावर आले, आणि माझा डावा हात लहान मुलीचाच राहिला.

शरीफ माझ्याकडे बघत राहिला. साहेबांनी विचारले, मग आधी का सांगितले नाही. मी म्हणाले, लाज वाटली. हे खोटे नव्हते. काच माझी आहे हे मात्र मी कशाच्या जोरावर म्हणाले, ते मला तेव्हाही सांगता आले नसते. मला एवढेच दिसत होते, की मी गप्प राहिले तर ती काच बादलीत जाणार आणि तिच्यामागून ती बाई.

साहेबांनी रिपोर्ट पुढे केला. "मूल गेलं तर हा कागद तुमच्या नावावर असेल. सर्टिफिकेट विसरा, पुढचंही सगळं विसरा."

मी सही केली.

कोयनेलची सुई तासाभरात दिली गेली. त्यानंतरचा वेळ मी वॉर्डाकडे गेले नाही, मला धैर्य नव्हते. दुसऱ्या दिवशी आयाने येऊन सांगितले, की ताप उतरतो आहे. त्याच्या नंतरच्या दिवशी सुभद्राने पाणी मागितले. पोटातले मूल हलत होते. साहेबांनी पुन्हा रक्त काढायला लावले. या वेळी नानांच्या काचेतही एक-दोन अंगठ्या सापडल्या, औषधाने मोडत चाललेल्या. म्हणजे हिवतापच होता. साहेब म्हणाले, असे होते कधीकधी, एका थेंबात दिसत नाही, दुसऱ्यात दिसते. नाना म्हणाले, हो, होते. दोघांचेही बरोबर आहे. पण थेंब कुणी घेतला, हे त्यातून कळत नाही.

त्या संध्याकाळी उजेड होता तोवर नानांनी मला थांबवून घेतले. शरीफ गेला होता. त्यांनी एक कोरी काच माझ्यापुढे ठेवली, आपलेच बोट टोचून तिच्यावर थेंब घेतला आणि म्हणाले, "काढा आता. डाव्या हातानं."

मी काढली. हात थरथरला, काच मध्येच अडकली, रक्ताचा फराटा एका बाजूला घसरला. पाटीवर पहिल्यांदा रेघ काढणाऱ्या मुलीसारखी ओढ. नानांनी ती उजेडाला धरली. दुसऱ्या हातात ती दुसरी काच धरली, मलमलीसारखी. कितीतरी वेळ दोन्हींकडे बघत राहिले.

"हा हात शिकला असता," ते म्हणाले, "तर अशी ओढला असता. कल तोच आहे." मग दोन्ही काचा खाली ठेवून, "पण हा शिकलेला नाही ना, मिसबाई."

त्यांनी माझी वेडीवाकडी काच धुऊन टाकली. दुसरी मला दिली आणि म्हणाले, ही इथे नको.

सुभद्रा घरी निघाली त्या दिवशी मी पहिल्यांदा तिच्या खाटेपाशी गेले. ती गाठोड्याला टेकून बसली होती, अशक्त पण हुशार. सासूने मला ओळखले आणि हसून सरकून जागा दिली. मी म्हणाले, अक्का, तुमच्या सुनेचे रक्त दुपारी आमचे नाना घेऊन गेले, तेव्हा तुम्ही इथेच होतात ना?

"आठेच व्हती. मी कोठे जाऊ?" ती म्हणाली. "पन तो नंतर उना. आधी तू उनी व्हती."

मी म्हणाले, मी सकाळी आले होते.

"सकायले उनी. अन दुफारले बी तूच उनी. काही बोलनी नही, टोची अन चालनी गयी." आणि मी विचारले नव्हते तरी तिने पुढे वाकून माझा हात घेतला. उजवा पदराशी मोकळा होता, तो नाही. मांडीखाली घातलेला डावा तिने ओढून बाहेर काढला, आणि थोपटला. "ह्या हातघाई." या हाताने.

आता तुम्ही म्हणाल तेच मीही स्वतःला म्हणून पाहिले आहे. थकलेली म्हातारी, सकाळ-दुपार एक करून बसली असेल. पण हात? सकाळी मी उजव्याने टोचले होते. शरीफने केले म्हणावे, तर तो माझ्या शेजारच्या खुर्चीवर होता. नानांनी म्हणावे, तर ते समोर होते. बाहेरच्या कुणी म्हणावे, तर माझी रेघ असलेली काच माझ्या कुलपातून कशी निघाली? सगळ्यात वाईट म्हणजे मीच केले असेही मी म्हणून पाहिले – कधीतरी उठून, भान नसताना. पण मी साहेबांच्या टेबलासमोर त्या हातावर बसले होते. त्याला तीन साक्षीदार आहेत. आणि तो हात तसे ओढू शकत नाही. त्याला एक साक्षीदार आहे.

मला सर्टिफिकेट मिळाले. नाना निवृत्त होऊन धरणगावला गेले. शरीफ मामांच्या दुकानात बसतो, आणि त्याच्यावर मी जो संशय घेतला त्याबद्दल मी त्याला अजून काही बोललेले नाही. सुभद्राला मुलगा झाला असे सासूने एका गाडीवानाबरोबर कळवले. ती काच माझ्याजवळ आहे. रंग आता फिका पडला आहे, अंगठ्या नीट दिसत नाहीत, ओढ मात्र दिसते. मी ती कितीदा उजेडाला धरून पाहिली तरी माझ्या शिक्षणात या गोष्टीला जागा सापडत नाही. रिपोर्टात शंका कशी लिहावी ते साहेबांनी शिकवले होते. ही शंका कोणत्या शब्दांत लिहावी ते मात्र मला अजून समजलेले नाही.

हे मी उजव्या हाताने लिहिते आहे. अलीकडे मी डाव्या हातावर बसत नाही. तो समोर टेबलावर, मला दिसेल असा ठेवते.